कृपया डिस्क घाला

बाबांच्या तोंडात एकच शब्द शिल्लक राहिला होता. चला.

दिवाळीनंतर त्यांना पॅरालिसिसचा अटॅक आला, उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर बाकीचे सगळे शब्दही गेले. चहा हवा असला तरी चला, नको असला तरी चला, पाठीला खाज सुटली तरी चलाच. मीरा रोडच्या शांती नगरातल्या आमच्या दोन खोल्यांत दिवसभर कुणीतरी बाहेर पडायच्या घाईत असल्यासारखं वाटायचं, आणि बाहेर कुणीच पडत नसे. मी ऑफिसला जायची तेवढीच. कळत मात्र त्यांना सगळं होतं. टीव्हीवर कुणी पुढारी बरळायला लागला की ते पूर्वीसारखीच तुच्छतेने मान फिरवत. फक्त आता मान फिरवल्यावर जी शिवी यायची ती येत नव्हती.

भाईंदरहून एक स्पीच थेरपिस्ट बाई यायच्या. फळांची चित्रं दाखवायच्या. केळ्याचं चित्र समोर धरून म्हणायच्या, "बाबा, हे काय?" बाबा त्यांच्याकडे अशा नजरेने बघत की बाईंना केळं ओळखता येत नाही याचं त्यांना वाईट वाटतंय. मग म्हणत, "चला."

एक दिवस जाताना बाईंनी चपला घालता घालता विचारलं, "त्यांचा जुना आवाज कुठे रेकॉर्ड केलेला आहे का? रोज थोडा ऐकवून बघा. काही पेशंटना उपयोग होतो. होईलच असं नाही हं."

आईने यातलं शेवटचं वाक्य ऐकलंच नाही. दार लावून ती माझ्याकडे वळली ती डोळे चमकवतच. "अगं, ती सुकटवाली!"

ती सुकटवाली म्हणजे उत्तनहून सुकट आणि सुके बोंबील घेऊन येणारी मावशी. बाबा रिटायर झाल्यापासून तिच्याशी भाव करणं हा त्यांचा आठवड्याचा मोठा कार्यक्रम होता. मोठ्या कारखान्यात जन्मभर फिटर म्हणून राबलेला माणूस. त्याला आवाज चढवायला एखादं माणूस लागायचं, आणि कारखाना सुटल्यावर ते माणूस मावशी झाली. अटॅक आला त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात मी लॅपटॉप घेतला आणि लगोलग एक छोटा डिजिटल कॅमेरा. कॅमेऱ्यात व्हिडिओ कसा निघतो हे बघायला मी दारातल्या त्या दोघांवरच तो धरला. बाबा म्हणतायत, ही सुकट आहे की वाळू? मावशी म्हणतेय, "वाळू तुज्या डोल्यात हाय बाबा, सुकट चांगली हाय, हात त लाव!" मग बाबा घरात तोंड करून हाक मारतात, "अगं, ऐकलंस का? ही मला आंधळा म्हणते!" आणि आतून आईचा आवाज येतो, "बरोबरच म्हणते."

एवढंच. काही मिनिटांचं चित्रण. बाबांचा आवाज जगात आता तेवढाच उरला होता.

आईला बाबांनी कधी नावाने हाक मारलेली मला आठवत नाही. "अगं, ऐकलंस का?" हेच तिचं नाव. दिवसातून पन्नासदा ती ते ऐकायची आणि त्यातल्या निम्म्या वेळा मुद्दाम ऐकू न आल्याचं दाखवायची. आता ते कुणी म्हणत नव्हतं. थेरपिस्ट बाईंना बाबांना ऐकवायचं होतं. आईला काय ऐकायचं होतं ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तो व्हिडिओ मी लॅपटॉपवरून डिस्कवर टाकून ठेवला होता. तेव्हा सगळेच तसं करत. लॅपटॉपची हार्ड डिस्क चिमूटभर, जरा भरली की रडायला लागायची. म्हणून फोटो, गाणी, व्हिडिओ डिस्कवर चढवायचे आणि कॅमेऱ्यातून, लॅपटॉपवरून उडवायचे. डिस्क टिकते, लॅपटॉपचा काय भरवसा, असं मला ऑफिसातल्या शहाण्यांनी सांगितलं होतं. मी डिस्कवर मार्करने "बाबा + सुकट" लिहिलं, लावून बघितली, छान चालली. ठेवून दिली कपाटात, आईच्या शालूखाली.

ती काढून आणली. पुसायचीही गरज नव्हती, इतकी लखलखीत. लॅपटॉपचा ट्रे बाहेर आला, डिस्क बसवली, आत ढकलली. आईने बाबांची खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि स्वतः त्यांच्या मागे पदर सावरून उभी राहिली, जणू फोटो काढायचाय.

आतून घर्रर्र असा आवाज आला. मग टक्‌. टक्‌. पुन्हा घर्रर्र. आणि पडद्यावर एक नम्र चौकट उघडली. तिचं म्हणणं थोडक्यात असं होतं की कृपया ड्राइव्हमध्ये डिस्क घाला.

अगं बये, घातलीय ना!

बाहेर काढली, पुन्हा घातली. कृपया डिस्क घाला. लॅपटॉप बंद करून चालू केला. कृपया डिस्क घाला. आई म्हणाली, "हळू ढकल, तू फार जोरात ढकलतेस." हळू ढकलली. कृपया डिस्क घाला. या विनवणीइतकी संतापजनक गोष्ट मी तरी दुसरी पाहिलेली नाही. माणूस खोटं बोलला तर त्याला दोन शब्द सुनावता येतात. बाबांनी बराच वेळ वाट पाहिली आणि मग टेबलावर डावा हात आपटून म्हणाले, "चला!" त्या वेळी तरी त्याचा अर्थ अगदी स्पष्ट होता.

दुसऱ्या दिवशी ती डिस्क मी ऑफिसात नेली. तिथल्या कॉम्प्युटरने सांगितलं की ही कोरी आहे. दुसऱ्यानेही तेच. शेजारच्या गुजराती काकांच्या प्लेअरने ती घशात अडकल्यासारखी लगेच बाहेर टाकली. शेवटी ऑफिसातल्या कॉम्प्युटर बघणाऱ्या माणसाने समजावलं की ज्या सॉफ्टवेअरने ही बनवली ते डिस्क शेवटी बंद करत नाही, उघडीच ठेवतं, म्हणजे पुढे आणखी भरता यावं. अशी उघडी डिस्क इतर ड्राइव्हना कळत नाही. ज्याने लिहिली तो सहसा वाचतो. काही माणसांचं अक्षर त्यांचं त्यांनाच लागतं, तसं. "तुझा तो ड्राइव्ह दुरुस्त कर," तो म्हणाला. "तोच वाचेल. वाचला तर."

म्हणजे जगातल्या सगळ्या ड्राइव्हमधून हा एकच आमच्या कामाचा, आणि नेमका त्यालाच दिसेनासं झालं होतं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, ती अशी.

मग सुरू झाले उपाय. आधी दुसऱ्या डिस्क घालून बघितल्या. गाण्यांची, सिनेमाची, लॅपटॉपबरोबर आलेली. एकही वाचेना. म्हणजे दोष डिस्कचा नाही, ड्राइव्हचाच. कुणी म्हणालं, सेटिंगमधून ड्राइव्ह काढून टाक, लॅपटॉप पुन्हा चालू केला की तो आपोआप परत येतो. तसा तो गेला आणि तसाच्या तसा परत आला, आंधळाच. शेजारच्या काकी म्हणाल्या, डिस्कवर टूथपेस्ट चोळ, आमच्याकडे चालली होती. बाबांच्या डिस्कला मी टूथपेस्ट लावू दिली नाही. सिनेमाच्या डिस्कला लावून बघितली, तिच्यावर फक्त पुदिन्याचा वास आला. मग मी बाजारातून लेन्स साफ करायची डिस्क आणली. तिला खालच्या अंगाला एवढासा ब्रश असतो, ती आत फिरते आणि लेन्स पुसते. ती फिरवली. पुन्हा फिरवली. त्यानंतर घर्रर्रही बंद झालं, नुसती टक्‌टक् उरली.

आई रोज संध्याकाळी मी घरात पाऊल टाकलं की विचारायची, "आज वाचतंय का गं?" जणू लॅपटॉप आजारी मुलगा आहे आणि आज त्याने चार घास खाल्ले का, असं ती विचारतेय. मी तिच्यावर खेकसायची. ती चहा टाकायची. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा, "आज वाचतंय का?" आशा वेडी असते हे मला माहीत होतं; ती इतकी चिवट असते हे माहीत नव्हतं.

शेवटी शांती नगरच्याच एका सेक्टरमध्ये, पोळी-भाजी केंद्र आणि ब्लाऊजपीसवाल्याच्या मधोमध, लॅपटॉप दुरुस्त करणारा एक जण होता त्याच्याकडे गेले. गळ्यात चष्मा लटकवलेला, भरपूर बोलणारा आणि प्रचंड आशावादी. लॅपटॉप बघण्याआधीच त्याने निकाल दिला. "कुछ नहीं बेन, फॉर्मेट मारना पडेगा."

"ड्राइव्ह डिस्क नहीं पढ रहा है, फॉर्मेट से क्या होगा?" मी म्हटलं.

"वायरस होता है. फॉर्मेट से सब ठीक हो जाता है."

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. त्या काळात या लोकांकडे दुसरं औषधच नव्हतं. स्क्रीन फुटली तरी फॉर्मेट मारतील. मी त्याला बजावून सांगितलं की आतला ड्राइव्ह आधी उघडून दाखव, माझ्यासमोर. त्याने नाराजीनेच लॅपटॉप उलटा केला, एक स्क्रू काढला आणि ड्राइव्ह बाजूने ओढून काढला. झाकण उचकटलं. चष्मा डोळ्यांवर चढवला, आणि पहिल्यांदाच त्याचं बोलणं थांबलं.

"बेन, इसमें तेल किसने डाला?"

मी वाकून बघितलं. लेन्स म्हणजे मसुराएवढा काचेसारखा ठिपका. त्याच्यावर पिवळट चिकट साय धरली होती आणि तिच्यात धूळ, केस, ब्रशचे दोन-तीन तंतू. ज्या दांड्यांवरून ती लेन्स पुढेमागे सरकते त्यांच्यावर मात्र तेल अगदी नीट सोडलेलं होतं. सांडलेलं नव्हतं. जाणत्या हाताने, जिथे लोखंडावर लोखंड घासतं नेमकं तिथे, एकेक थेंब.

मला तिथेच, त्या स्टुलावर, दसरा आठवला.

दसऱ्याला बाबा घरातली सगळी हत्यारं मांडत. चाळीतून मीरा रोडला आलो तेव्हा भांडी कमी आणली, पण पाने, हातोड्या, कानशी, त्यांचा व्हर्नियर कॅलिपर यातलं काही सोडलं नाही. त्यांच्या ओळीत मग आईचं शिलाई मशीन, इस्त्री, मिक्सर, माझी जुनी सायकल. आधी सगळं पुसायचं, मग लांब नळीच्या कुपीतून प्रत्येकाच्या सांध्यात मशीनच्या तेलाचा थेंब सोडायचा, आणि त्यानंतर हळदकुंकू, झेंडू, आपटा. "नुसत्या कुंकवाने यंत्र चालत नाही," ते म्हणायचे. "देवाला फूल, यंत्राला तेल." त्या दसऱ्याला ओळीत शेवटी माझा लॅपटॉपही होता. मी अंघोळ करून आले तर त्याच्या झाकणावर कुंकवाचं बोट आणि वर झेंडू. मी म्हटलं, "बाबा, कीबोर्डमध्ये अक्षता टाकल्या नाहीत ना?" ते म्हणाले, "मला काय अडाणी समजतेस?" आणि मी हसले होते. आधी त्यांनी ट्रे उघडून, डोळ्यांवर चष्मा ठेवून, आतले दांडे शोधून काढले असतील. कोरडे दिसले असतील. पोरीचं नवीन मशीन, महाग मशीन. त्याला तर त्यांनी जास्तच प्रेमाने घातलं असणार.

दिवाळीनंतर ते पडले. ट्रे पुन्हा उघडला तो थेरपिस्ट बाई म्हणाल्या तेव्हाच.

दुकानदाराने स्पिरिटने लेन्स पुसली, जोडून बघितली. काही नाही. मी ब्रशवाली डिस्क फिरवली होती तेव्हा चिकटलेली लेन्स आपल्या जागेवरून हलली होती. त्याने कुठूनतरी त्याच मॉडेलचा जुना ड्राइव्ह मिळवला, त्याची लेन्स यात बसवली. दोन दिवसांनी मी गेले तर ड्राइव्ह गाणी वाचत होता, सिनेमा वाचत होता, त्याच्या दुकानातली हर एक डिस्क वाचत होता. तो खुशीत होता. मी पर्समधून आमची काढून दिली. घर्रर्र. टक्‌. कृपया डिस्क घाला.

"ब्लँक है बेन ये."

"ब्लँक नहीं है."

त्याने लॅपटॉपला नवा कोरा ड्राइव्ह लावून बघितला. ब्लँक. तिचं अक्षर लागणारी लेन्स एकच होती आणि ती गेली होती. मग तो म्हणाला, "कोई इंपॉर्टंट फाईल था क्या?" मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "बॅकअप रखना चाहिए." त्याचं बरोबरच होतं, म्हणून मला त्याचा इतका राग आला की मी तडक उठले. नवा ड्राइव्ह लॅपटॉपमध्येच राहू दिला आणि आमच्या तेल घातलेल्या ड्राइव्हचा सांगाडा त्याने एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिला, घरी शोकेसमध्ये ठेवायचा असल्यासारखा.

घरी येईपर्यंत मी ठरवलं होतं की तेलाचं बोलायचं नाही. कुणाला सांगायचं आणि कशासाठी? बाबांना सगळं कळतं. माणूस एका जागी बसलेला, एक शब्द हाताशी, आणि त्याला जाऊन सांगायचं की तुझा आवाज तूच तुझ्या हाताने पुसलास?

"काय झालं होतं गं?" आईने विचारलं.

"धूळ," मी म्हटलं. "धूळ गेली होती आत. आता नाही वाचायची ती डिस्क."

मी पिशवी टेबलावर टाकली आणि तोंड धुवायला गेले. थोडा जास्तच वेळ धूत बसले. बाहेर आले तेव्हा बाबांनी खुर्ची टेबलापाशी सरकवून घेतली होती आणि पिशवीतून ड्राइव्ह काढला होता. डाव्या हाताने त्यांनी तो उजेडाकडे तिरका केला. जन्मभर बिघडलेलं यंत्र असं धरलेला हात होता तो. डावा असला तरी त्याला ती सवय होती. मग अंगठा दांड्यावरून फिरवला. अंगठा नाकाशी नेला.

मी दारातच उभी राहिले. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, हातात कणकेची परात.

बाबांनी अंगठा पुन्हा हुंगला. मग तो लुंगीला पुसला, एकदा, दोनदा, आणि पुसतच राहिले. माझ्याकडे बघितलं नाही. त्यांचे ओठ हलले, मला वाटलं आता म्हणतील, चला. म्हटलं नाही. मी पुढे होऊन ड्राइव्ह त्यांच्या हातातून घेतला आणि म्हटलं, "धूळ होती बाबा. नुसती धूळ." किती मूर्खपणा! फिटरला मी तेल आणि धूळ सांगत होते.

त्या दिवसापासून आईने "आज वाचतंय का?" विचारणं बंद केलं. मला वाटलं, थकली. मला जरा बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

थेरपिस्ट बाई आणखी काही महिने आल्या. केळं, आंबा, सफरचंद. नंतर त्यांनीच हळूहळू येणं कमी केलं. सुकटवाली मावशी पावसाच्या आधी येऊन गेली. टोपली उतरवून सवयीने एकदम चढा भाव सांगितला आणि बाबांकडे बघत थांबली. बाबा गप्प. तिनेच मग भाव पाडला, आणखी पाडला, आणि पदराने डोळे पुसत म्हणाली, "बोलत न्हाय त मजा न्हाय बाबा." तिने सुकट टोपलीतून घमेल्यात अशी ओतली की जणू वाद हरलीय.

पुढच्या दसऱ्याला मी म्हटलं, हत्यारं नको मांडूया. आई म्हणाली, "मांडायची." तिनेच पाने, हातोड्या पुसून ओळ लावली. शिलाई मशीन, इस्त्री, मिक्सर. शेवटी माझा लॅपटॉप. तेलाची कुपी तिने बाबांच्या डाव्या हातात दिली. त्यांनी ती धरली, बघितली आणि माझ्यापुढे केली.

मी घेतली. त्यांची खुर्ची शेजारी होतीच. पकडीला थेंब, मशीनच्या चाकाला थेंब, सुईच्या वरच्या दांड्याला थेंब. बाबा मान हलवून बरोबर, बरोबर सांगत होते. लॅपटॉपला मी तेल घालणार नव्हते, अर्थातच. पलीकडे ठेवलेली कात्री उचलायला मी कुपी धरलेला हात त्याच्यावरून नेला, एवढंच.

बाबांनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की बांगडी रुतली. तोंड उघडलं होतं, मान जोरजोरात नाही म्हणत होती, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शब्द येत नव्हता, तो एकसुद्धा.

आईने हातातलं तबक खाली ठेवलं. त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "अहो, सोडा. तिला माहितीय. ती नाही घालायची तेल त्यात."

त्यांनी मनगट सोडलं. आईने लॅपटॉपवर कुंकवाचं बोट लावलं, झेंडू ठेवला, आणि आम्ही तिघांनी हात जोडले.